तीळभर जादा

सारजा गुडघ्यापर्यंत चिखलात उभी होती. अशा वेळी परक्या माणसाशी बोलू नये, असं तिची भिवराआत्या नेहमी सांगायची. पण विचारणाऱ्याला ते कुठून ठाऊक असणार?

"आसाराम ओताऱ्याचं घर हेच ना जी?"

तिनं वर पाहिलं. उंच, सावळा माणूस. अंगात खाकी कोट, हातांच्या रेषारेषांत काळं तेल मुरलेलं. देव्हाऱ्यातला देव न्यावा तसं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं. त्याच्या मागं हस्ताचं आभाळ भरून आलं होतं.

"हेच," ती म्हणाली. "पर पलीकडून या. हितं माती—"

तिचं वाक्य पुरं होईपर्यंत त्याचा एक पाय खड्ड्यात गेला. त्यानं तो ओढून काढला, तर पाय तेवढा वर आला. बूट मातीतच राहिला. हातातलं गाठोडं मात्र त्यानं छातीशी असं घट्ट धरलं होतं की त्याला शिंतोडासुद्धा लागला नाही. सारजानं ते पाहिलं. स्वतःपेक्षा हातातली वस्तू जपणारी माणसं तिला ओळखीची होती, कारण ती तशाच माणसांच्या घरात वाढली होती.

तिनं वाकून बूट उपसला आणि काठावर ठेवला. हसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

"दुसरा बी द्या," ती म्हणाली. "मातीसंगट तो बी तुडवून निघंल."

ही गोष्ट निजामाच्या अंमलातली, फसली तेराशे एक्केचाळीस, म्हणजे इसवी एकोणीसशे एकतीस सालची. नांदूरघाटात तेव्हा आसाराम ओताऱ्याची भट्टी होती. देवळांच्या घंटा, घरातले टाक, बायकांची जोडवी, सगळं तिथं ओतलं जाई. जे करायचं ते आधी मेणाचं करायचं, त्यावर मातीचा साचा चढवायचा, साचा तापवून मेण बाहेर काढायचं आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. आसारामला मुलगा नव्हता. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मेणाचं काम आईच्या हातून सारजाच्या हाती आलं होतं आणि साच्याची माती पायांनी लोण्यासारखी मऊ करायचं कामही तिचंच होतं.

आलेल्या माणसाचं नाव बंकट. तो अर्जुनराव देशमुखांच्या मोटारीचा डायव्हर. गावातली ती एकुलती एक मोटार वीस वर्षांपूर्वी मुंबईहून आणलेली, आणि दोन वर्षं गाडीखान्यात बसून होती. इंजिनात ठिणगी पाडणारं जे यंत्र असतं, ते फिरवणारं पिवळ्या धातूचं चाक मोडलं होतं. मोटार बनवणारी विलायतेतली कंपनी कधीच बंद पडली. मुंबईला लिहिलं, मद्रासला लिहिलं. तसं चाक आता मिळत नाही, एवढंच उत्तर दोन्हीकडून आलं. हैदराबादेत देशमुखांचा मुलगा वकिली शिकत होता, त्याला मोटार हवी होती. देशमुखांनी बंकटला सांगून टाकलं होतं की दिवाळीच्या पाडव्याला मोटार हैदराबादला निघाली तर तू तिच्याबरोबर तिकडंच नोकरीला. नाही निघाली तर दिवे, पत्रे उपटून सगळं पितळ आसारामच्या भट्टीत.

बंकटनं ओसरीवर बसून फडकं सोडलं. तळहाताएवढं दातेरी चाक होतं. अठ्ठावीस दातांपैकी तीन मोडलेले, आणि एका बाजूनं चीर गेलेली.

आसारामनं ते हातात घेऊन नखानं वाजवलं. असलं काम त्यानं कधी केलं नव्हतं आणि तसं त्यानं स्पष्ट सांगितलंही. मग बंकटनं जे सांगितलं त्यानं तो विरघळला. बंकट ओताऱ्याचाच नातू होता. बाप भट्टी सोडून हैदराबादला रेल्वेच्या कारखान्यात गेला. आईबाप गेले आणि पोरगा मोटारींत वाढला. भिवराआत्यानं लगेच चौकशी करून नाव, गाव, कूळ सगळं जुळवलं आणि म्हणाली की रक्त ओताऱ्याचं असून हाताला मेणाऐवजी तेल लागलं, हे काही खरं नाही.

मेणावर चाकाचा ठसा घ्यायला सारजा बसली तेव्हा बंकट समोर उकिडवा बसला. ती न बघता म्हणाली,

"मोटारीला दात कावून लागतात, डायव्हर? ती काय खाती?"

"खात नाही. धरून राहती." त्यानं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. "एकाच्या दातात दुसऱ्याचा दात बसला, तरच दोघं फिरतात."

"आन् न्हाई बसला तर?"

"तर... नुसता आवाज होतो."

सारजानं मेणावर फुंकर घातली. तशी काही गरज नव्हती.

पाऊस रोज दुपारून यायचा. ओल्या साच्यात तापलेला धातू ओतला तर साचा फुटतो, म्हणून साचा सुकेपर्यंत थांबणं भाग होतं. आणि थांबायचं म्हणजे बंकटला रोज येऊन साचा सुकला का ते बघणं भाग होतं. भिवराआत्याला हे पटत नव्हतं. साचा काही त्याच्या बघण्यानं सुकत नाही, असं ती दोनदा म्हणाली. पण तो आला की काही ना काही काम करायचा. कोळसा फोडायचा, भाता दुरुस्त करायचा. एकदा साच्याला तडा गेलेला पाहून तो घाबरला, तेव्हा सारजानं ओल्या मातीनं तडा बुजवला आणि सांगितलं की माती सुकताना आकसते, तिचा स्वभावच तो. म्हणून तर तिच्यात शेण आणि चिंध्या घालायच्या.

मग त्यानं मेणाचा हत्ती करून बघितला. सारजानं तो दोन बोटांत धरून चारी बाजूंनी पाहिला.

"डुकराला सोंड कावून लावली?"

"हत्ती हाय जी तो," बंकट म्हणाला.

आसाराम भट्टीपाशी खाली मान घालून हसला. तेवढ्यापुरतंच. त्याच आठवड्यात परळीहून निरोप आला होता. तिथल्या ओताऱ्यांचा मुलगा घंटा ओतण्यात नावाजलेला. त्यांना सारजा पसंत होती. तुळशीच्या लग्नापर्यंत कळवतो, असं आसारामनं उत्तर धाडलं होतं. सारजानं ते आतून ऐकलं आणि हातातलं मेण पुन्हा पुन्हा मळत राहिली.

पहिला ओत नवरात्रात झाला. नुसतं पितळ मऊ पडतं आणि नुसतं कासं ठिसूळ, म्हणून आसारामनं दोन्हींचा मेळ आपल्या अंदाजानं घातला. साचा फोडला तर चाक असं सुरेख निघालं, की भिवराआत्यानंही मान डोलावली. बंकट ते घेऊन जवळजवळ पळतच गेला. तासाभरानं परत आला तेव्हा हळू चालत होता.

चाक बसत नव्हतं. दात दाताला पुरता पोचत नव्हता.

"हात चुकला आसंल," आसाराम म्हणाला. त्यानं ते रागानं म्हटलं नव्हतं, पण सारजाच्या कानशिलाला चटका बसावा तसं झालं. तिचा हात चुकला नव्हता. तिला ते ठाऊक होतं. जुनं चाक शेजारी ठेवा, म्हणजे कळेल, ती म्हणाली.

जुनं चाक सापडेना. कोनाडा पाहिला, भट्टीमागं पाहिलं, मेणाची पाटी उलथी केली. शेवटी भिवराआत्या शांतपणे म्हणाली, "ते व्हय? ते म्या घटस्थापनेलाच नदीत सोडलं."

सगळे तिच्याकडं वळले.

"असं काय बघता? तीन जागी मोडलेलं, चीर गेलेलं. देवाच्या प्रभावळीचंच असंल म्हटलं. खंडित वस्तू घरात ठेवून नवरात्र बसवायचं का? हळदकुंकू वाहून सोडलं म्या. फेकलं न्हाई."

 खंडित मूर्ती पाण्यात सोडायची, हे सगळ्यांना आसारामच सांगत आला होता. आणि नदी हस्ताच्या पुरानं दुथडी वाहत होती. बंकट बराच वेळ अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग त्यानं आत्याला विचारलं की तिनं चाकासाठी देवाजवळ काही मागितलं होतं का. आत्या म्हणाली, मागितलं होतं की, ज्याचं असेल त्याचं भलं कर म्हणून. "मग झालं," तो म्हणाला.

त्या उत्तरानं सारजाच्या मनात काहीतरी जागचं हललं. इतका वेळ तो तिला हसवत होता. आता तो तिला आवडला.

दुसऱ्या दिवशी ती आत्याला बरोबर घेऊन देशमुखांच्या गाडीखान्यात गेली. मोटार तिनं इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. बंकटनं झाकण उघडलं, नवं चाक जागेवर बसवलं आणि हळूच फिरवलं. कर्र... नुसता आवाज. दोघंही वाकून बघत होते. बाहेर पावसाची सर पत्र्यावर वाजत होती, आणि त्याच्या बाहीला घासलेटाचा वास होता.

"केसभर कमी पडतंय," तो म्हणाला.

"केस न्हाई." तिनं दोन दातांमधल्या फटीत नखाचं टोक घालून पाहिलं. "तीळ. एक तीळ."

तिनं मान वर केली तेव्हा तो फटीकडं बघत नव्हता. तिनं नखाचं टोक पदराला पुसलं आणि आत्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

उत्तर तिला मिळालं ते घरी, आईच्या काठीत. जोडवी करताना मेणाची वळी त्या गुळगुळीत लाकडी काठीवर गुंडाळायची, अशी आईची रीत. त्या दिवशी काम संपल्यावर सारजानं ओतून तयार झालेलं एक जोडवं उगीच परत काठीवर चढवायला घेतलं. ते चढेना. दुसरं घेतलं, तेही चढेना. काठी घराबाहेर कुणाला देऊ नये, एवढंच आईनं सांगितलं होतं. का, ते कधी सांगितलं नव्हतं. आणि गावातल्या बायकांच्या पायांत तर ती जोडवी बेताची बसत होती.

"आबा," ती हळूच म्हणाली, "धातू बी आकसतो."

आसारामनं जोडवं हातात घेतलं, काठी हातात घेतली. आपला बाप, आपली बायको, किती हातांतून ती रीत आली होती. मूर्ती तीळभर लहान झाली तरी देव तक्रार करत नाही. म्हणून त्यानं कधी मोजलंच नव्हतं. "आमाला कुणी सांगितलं न्हाई गं," तो म्हणाला. "नुसती काठी दिली."

मग सारजानं ते बंकटला समजावलं. आपल्याला हवं त्याहून वीतभर चाकाला दोन तीळ, तळहाताएवढ्याला एक. लहान वस्तूला तिळाचा तुकडा. तेवढं जादा धरायचं. निवताना धातू आपलं आपण काढून घेतो. बंकटनं काठी हातात धरली, बोटानं चाचपली, आणि परत देताना म्हणाला की कारखान्यात एवढे साहेब होते, पण अशी गोष्ट कुणी काठीत लपवून ठेवलेली त्यानं पाहिली नव्हती.

पहिलं चाक समोर ठेवून, तीळभर जादा धरून, नव्या मेणाचे दात तिनं एकेक करून कोरले. पाच दिवस लागले. पाचव्या दिवशी, सत्ताविसाव्या दातावर, तिचा हात थांबला. एक दात केसभर तिरपा गेला तर मोटार निघणार नाही. पाडवा टळेल, आणि माणूस इथंच राहील. कुणाला कळणार होतं? हात चुकला म्हणतील. एकदा म्हणालेच होते.

सुरीचं टोक मेणावर टेकलेलं होतं. अंगणात बंकट माती वाहत होता आणि आत्याचं बोलणं निमूट ऐकून घेत होता. सारजाला गाठोडं छातीशी धरलेला तो पहिल्या दिवशीचा माणूस आठवला.

तिनं दात सरळ कोरला. मग अठ्ठाविसावा.

मोटार वसुबारसेला सुरू झाली. तिचा आवाज नदीपलीकडच्या वस्तीपर्यंत गेला म्हणतात. देशमुखांनी आसारामच्या डोक्याला फेटा बांधला, आणि सारा गाव मोटारीमागं धावला. सारजा घरीच होती. अंगणात माती तुडवून झाल्यावर तिचा एक पाय खड्ड्याच्या काठावर उमटला होता, बऱ्याच दिवसांपूर्वी. ऊन पडल्यावर तो तसाच सुकून कडक झाला होता. त्यावर कुणीतरी टोपली पालथी घातली होती. कोंबड्यांसाठी आत्यानं ठेवली असेल, असं तिला वाटलं. तिनं ती उचलली नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बंकट ओसरीवर आला आणि आसारामसमोर हात जोडून बसला. काय बोलला ते सारजाला आतून नीट ऐकू आलं नाही. बापाचं उत्तर मात्र शब्दन् शब्द आलं.

"पोरा, तू भला हायेस. आमच्यातलाच हायेस. पर हैदराबादेत भट्टी न्हाई, आन् तुज्या हाताला मेण लागत न्हाई. माज्या पोरीच्या हातात माप हाय. ज्याच्या हाताला माप न्हाई, त्याला ती कशी देऊ?"

बंकटनं वाद घातला नाही. थोड्या वेळानं तो परसात गेला, जिथं साचे सुकत ठेवले होते. सारजा तिथं गेली तेव्हा तो हात धूत होता. त्या हातांना तेल नव्हतं, माती होती. साच्यांच्या रांगेत शेवटी एक लहानसा, वेडावाकडा साचा होता. तो तिनं केलेला नव्हता.

"आबांना सांगा," तो म्हणाला, "पुढच्या ओतात जागा झाली तर एवढं एक ओतावं."

"काय हाय आत?"

"फोडल्यावर कळंल."

"कधीपासून चाललंय हे?"

"तुमी काठी दाखवलीत तवापासून. सहा येळा मोडलं." तो थांबला. "तुमाला विचारता येत न्हवतं. तुमची वस्तू तुमी करायची नसती म्हणं... आत्याबाई बोलल्या होत्या."

 ओतारणीनं स्वतःसाठी एकच वस्तू कधी घडवायची नसते, आणि ती कोणती हे त्या घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

"चाक जपा," ती शेवटी म्हणाली.

"सगळंच जपीन," तो म्हणाला.

सकाळी मोटार निघाली. वळणावर तिचा भोंगा एकदा वाजला, बैलांना घाबरवायला वाजवतात तसा नाही... हलकेच. सारजा मेण मळत होती. तिनं मान वर केली नाही, पण त्या दिवशी मेण फार मऊ झालं.

तुळशीच्या लग्नाला दोन दिवस उरले असताना आसारामनं लिंबागणेशच्या देवळाची घंटा ओतली. मुशीत थोडा धातू उरला. सारजानं तो वेडावाकडा साचा पुढं केला. आसारामनं तिच्याकडं पाहिलं, साच्याकडं पाहिलं, आणि धातू ओतला.

संध्याकाळी त्यानं साचा फोडला. आत दोन जोडवी होती. जाडजूड, एक बाजू उंच, एक बसकी. नक्षी म्हणून भोवती बारीक दात काढलेले, कारण त्या माणसाला दुसरी नक्षी येतच नव्हती. आसारामनं दोन्ही जोडवी एकमेकांना टेकवून फिरवली. एकाचा दात दुसऱ्याच्या दातात बसला. त्यानं ती पुन्हा एकदा फिरवली.

भिवराआत्या दारात आली होती. कुमारिकेनं जोडवं पायात घालायचं नसतं, तेव्हा घालून बघण्याचा प्रश्नच नव्हता. पण अंगणातल्या टोपलीखाली काय आहे ते आत्याला माहीत होतं. टोपली तिनं ठेवलेली नव्हती, म्हणून तिनं ती आधीच एकदा उचलून पाहिली होती. आता तिनं ती पुन्हा उचलली. मातीत सारजाचं पाऊल होतं, पाचही बोटं नीट उमटलेली. बोटाच्या ठशाभोवती दोरा धरून माप घेतल्याची बारीक रेघ अजून दिसत होती.

आसाराम खाली वाकला. त्यानं जोडवं ठशावर ठेवलं. चारी बाजूंनी फट राहिली. त्यानं दुसरं ठेवलं. तेही सैल.

"माप चुकलं गड्याचं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच वाईट वाटल्याचं होतं. "मेहनत लई घेतली. पर चुकलं."

भिवराआत्यानं सुस्कारा सोडला आणि परळीचं नाव काढलं.

सारजा अंगणाच्या मध्यभागी उभी होती. बापासमोर लग्नाच्या गोष्टीत मुलीनं तोंड उघडायचं, असं त्या काळी नव्हतं. तिनंही आजवर उघडलं नव्हतं. तिनं पदर नीट केला. मग ती त्या ठशाशेजारी आली आणि आपला उघडा पाय त्याला लागून जमिनीवर ठेवला. पाऊल ठशापेक्षा मोठं होतं. फार नाही.

"माती आकसलीय, आबा," ती म्हणाली. "माजा पाय तेवढाच हाय."

आसाराम बराच वेळ त्या दोन पावलांकडं बघत राहिला, एक मातीचं आणि एक त्याच्या लेकीचं. पोरानं मातीचं घटलेलं परत धरलं होतं आणि धातूचं घटणारं आधीच जादा दिलं होतं. हे त्याला कुणी काठीत घालून दिलेलं नव्हतं.

मग त्यानं दोन्ही जोडवी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि बहिणीच्या ओंजळीत ठेवली.

"देवापाशी ठेव, भिवरा. परळीला नको म्हणून कळवतो." तो उठला, आणि जाता जाता थबकला. "आन् सारजे, ती टोपली पुन्ना पालथी घाल. पोरगा येईल तवा त्याला दाखवू, त्याचं माप कुणी वाचलं ते."

सारजानं टोपली उचलली. ठशावर ठेवण्याआधी ती क्षणभर थांबली, आणि त्या दोऱ्याच्या रेघेवरून तिनं बोट फिरवलं... अगदी हलकेच, ओल्या मेणावरून फिरवावं तसं.